‘तो बोलू लागला की ते संगीत का वाजते?’

वाचकाचे पत्र: आम्ही गेली २२ वर्षे न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. आमचा मुलगा २४ वर्षांचा असून तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तो गावच्या ग्रंथालयात अर्धवेळ नोकरी करतो आणि उन्हाळ्यातल्या रात्री अंगणात पांढरी चादर व दिवा लावून त्यावर येणाऱ्या पतंगांची छायाचित्रे काढतो. आजवर ४०० हून अधिक जातींची नोंद त्याने केली आहे. नेटफ्लिक्सवरचा ‘लव्ह ऑन द स्पेक्ट्रम’ हा, स्वमग्न तरुण-तरुणींच्या जोडीदार शोधण्यावरचा कार्यक्रम त्याने पूर्ण पाहिला, आणि आता त्यात भाग घेण्यासाठी अर्ज करायचा, असे तो म्हणतो. त्याला मैत्रीण हवी आहे, पुढे लग्नही करायचे आहे. माझे यजमान म्हणतात, करू दे. पुण्याहून सासूबाई म्हणतात, घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नका, पुतणीचे लग्न जमवायचे आहे. एकदा कार्यक्रम पाहताना मुलाने मला विचारले, “तो बोलू लागला की ते टुंग-टुंग संगीत का वाजते? प्रश्न विचारणाऱ्याच्या वेळी का वाजत नाही?” मला उत्तर देता आले नाही. आम्ही त्याला परवानगी द्यावी का?
– एक आई, न्यू जर्सी

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. त्यांपैकी तुमच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नापासून मी सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर नीट मिळाले तर तुमच्या प्रश्नाचा निम्मा गुंता आपोआप सुटेल.

ते संगीत वाजते, कारण प्रेक्षकाने त्या क्षणी हसावे की हळवे व्हावे, हे ठरवण्याचे काम संगीताकडे दिलेले असते. तारा बोटांनी छेडून काढलेले ते हलके, खेळकर सूर आपण लहान मुलांच्या कार्यक्रमांत आणि प्राण्यांच्या पिल्लांच्या चित्रफितींत ऐकत आलो आहोत. तेच सूर पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाच्या बोलण्याखाली घातले, की तो माणूस आपल्या नकळत लहान होतो. उत्तर देण्याआधी तो थांबला, तर संकलक ती शांतता लांबवतो, मधेच आईच्या काळजीभरल्या चेहऱ्याचे दृश्य घालतो, आणि मग तो जे बोलतो ते सरळ आणि प्रामाणिक असले तरी प्रेक्षकाला ‘किती गोड’ वाटते. पडद्यामागून प्रश्न विचारणारा दिग्दर्शक मात्र प्रौढच राहतो, कारण त्याच्या वाक्यांखाली काहीच वाजत नाही. दृश्यमाध्यमांचा अभ्यास केलेल्या अनेकांच्या नजरेतून सुटणारी ही गोष्ट तुमच्या मुलाने घरी बसून नेमकी पकडली आहे. ज्याला हे दिसते, तो स्वतःविषयीचा निर्णय घेण्यास समर्थ आहे की नाही, या शंकेला फारशी जागा उरत नाही, असे मला वाटते.

तरीही त्या कार्यक्रमाला सरसकट वाईट म्हणणे मला अन्यायाचे वाटेल. तो २०१९ साली ऑस्ट्रेलियात एबीसी या सार्वजनिक वाहिनीवर सुरू झाला, पुढच्या वर्षी नेटफ्लिक्समुळे जगभर पोहोचला, आणि २०२२ मध्ये त्याची अमेरिकी आवृत्ती आली, जिला त्याच वर्षी तीन एमी पुरस्कार मिळाले. त्यापूर्वी पडद्यावरचा स्वमग्न माणूस बहुधा दोनच रूपांत भेटत असे: आकड्यांचा जादूगार किंवा घरच्यांच्या गळ्यातला भार. त्यालाही कुणाचा हात हातात घ्यावासा वाटत असेल, एकटेपणाने त्याचीही रात्रीची झोप उडत असेल, हे कुणी विचारातच घेत नव्हते. या कार्यक्रमाने ते लाखो घरांत पोहोचवले. अमेरिकी आवृत्तीत भेटीगाठींची तयारी करून घेणाऱ्या मार्गदर्शक जेनिफर कुक या स्वतः स्वमग्न आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात कीव नाही हे जाणवते. पहिल्या पर्वात भेटलेली ॲबी आणि डेव्हिड यांची जोडी पुढच्या पर्वांतही एकत्र दिसली. त्यांची पहिली भेट पाहताना माझेही डोळे भरून आले होते. पण आपले डोळे नेमके कशाने भरून आले, हे मी दुसऱ्यांदा पाहताना स्वतःला विचारले, तेव्हा काही दृश्यांत ते त्या दोघांमुळे आणि काही दृश्यांत त्या संगीतामुळे भरले होते, असे मला मान्य करावे लागले.

या प्रकारच्या कार्यक्रमांचा प्रवास कुठून झाला, तेही ठाऊक असावे. ब्रिटनमध्ये चॅनल फोर या वाहिनीने २०१२ साली ‘द अनडेटेबल्स’ नावाची मालिका सुरू केली, आणि ती २०२० पर्यंत चालली. ज्यांच्याशी कुणी प्रेमाची भेट ठरवणार नाही अशी माणसे, असा त्या नावाचा सरळ अर्थ होतो. शीर्षकदृश्यात मदनाच्या बाणाने त्या नावातला नकार गळून पडतो, असा वाहिनीचा बचाव होता. परंतु रस्त्यावरच्या जाहिरातफलकांवर चेहऱ्यांशेजारी तोच शब्द छापला गेला, तेव्हा अपंग व्यक्तींनी त्याला ठाम विरोध केला, आणि तो विरोध रास्त होता. याउलट अमेरिकेत २०१५ साली आलेल्या ‘बॉर्न धिस वे’ या मालिकेत डाउन सिंड्रोम असलेले तरुण-तरुणी नोकरी करताना, घर बदलताना, आईवडिलांशी भांडताना आणि त्याच ओघात प्रेमातही पडताना दिसले. तिथे प्रेम आयुष्याचा एक भाग होते, सर्व आयुष्य त्या एका भेटीच्या निकालावर टांगलेले नव्हते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. ज्या कार्यक्रमात माणूस फक्त जोडीदार शोधतानाच दिसतो, तिथे जोडीदार न मिळणे हे त्याचे अपयश ठरते, आणि मिळणे हा चमत्कार ठरतो.

तुम्ही महाराष्ट्रात वाढलेल्या आहात, म्हणून एक आठवण करून देतो. आपल्याकडच्या पाहण्याच्या कार्यक्रमात कांदेपोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीविषयी तिच्यासमोरच तिची आई सांगत असते: हिला शिवणकाम आवडते, ही जरा अबोल आहे, पण सवय झाली की बोलते. मुलगी खाली पाहत बसलेली असते, आणि खोलीतल्या प्रत्येकाला तिच्याविषयी मत देण्याचा अधिकार आहे असे गृहीत धरलेले असते. त्या पद्धतीत काय खुपते, हे आता आपल्याला कळते. ‘लव्ह ऑन द स्पेक्ट्रम’मध्ये आईवडील सोफ्यावर बसून प्रौढ मुलाविषयी बोलतात, तेव्हा मला ती बैठकीची खोली आठवते, एवढेच, की इथे पोहे खायला आलेल्या मंडळींत साऱ्या जगाचा समावेश असतो. तुम्हीही त्या सोफ्यावर असाल, ताई. काय बोलाल, याचा विचार आताच करून ठेवा.

त्या कार्यक्रमात ओळख करून देण्याची एक ठरलेली रीत आहे. निवेदक सांगतो की अमुक व्यक्तीला या गोष्टी आवडतात आणि या आवडत नाहीत. तुमच्या मुलाची ओळख त्या रीतीने कशी होईल? “याला पतंग आवडतात. ओला टॉवेल आवडत नाही.” यातले काहीच खोटे नसेल. परंतु ४०० जाती ओळखण्यासाठी लागणारी नजर, पहाटे तीन वाजेपर्यंत चादरीसमोर स्थिर बसण्याची चिकाटी, प्रत्येक नोंदीशेजारी तारीख, तापमान आणि वाऱ्याची दिशा लिहिण्याची शिस्त, हे सारे एका मजेशीर आवडीच्या तीन सेकंदांत मावेल असे मला वाटत नाही. हेच काम एखाद्या विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञाने केले, तर त्याखाली टुंग-टुंग वाजणार नाही.

भेटींच्या तयारीविषयीही थोडे सांगायला हवे. त्या कार्यक्रमात समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याचा, प्रश्नांची अदलाबदल करण्याचा, स्वतःच्या आवडीच्या विषयावर फार वेळ न बोलण्याचा सराव करून घेतला जातो, आणि भेट बहुधा एखाद्या उपाहारगृहात समोरासमोर बसून होते. गोंगाट, काट्याचमच्यांचा आवाज, अनोळखी अन्न आणि तीन कॅमेरे, अशा ठिकाणी स्वमग्न नसलेलाही माणूस गडबडून जाईल. ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ साली असा विचार मांडला की स्वमग्न आणि इतर माणसे यांच्यातला गैरसमज दुहेरी असतो: स्वमग्न माणसाला इतरांचे मन वाचता येत नाही म्हणून आपण जितके बोलतो, तितकेच इतरांनाही त्याचे मन वाचता येत नाही. असे असताना शिकवणी मात्र एकाच बाजूची चालते. मराठीतला ‘स्वमग्न’ हा शब्दही या बाबतीत आपली दिशाभूल करतो, असे मला नेहमी वाटत आले आहे, कारण त्यातून स्वतःतच बुडालेला, इतरांची गरज नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. आणि तुमच्या मुलाने तर अर्ज करायचा म्हटले आहे तो कुणीतरी सोबत हवे म्हणूनच.

आता सासूबाईंविषयी. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. नेटफ्लिक्स पुण्यातही दिसते, आणि एकदा प्रसारित झालेले दृश्य कुणालाही कापून, त्यावर वाटेल ते लिहून पुन्हा पसरवता येते. पण त्या जे कारण देतात, ते मात्र तुम्ही स्वीकारू नये. पुतणीचे लग्न जमणे हे चुलत भावाला लपवून ठेवण्यावर अवलंबून असेल, तर ते स्थळच पारखून घ्यायला हवे. तुमच्या मुलाला जगापासून झाकून ठेवणे आणि त्याला जगासमोर गोंडस करून मांडणे, या दोन्हींत त्याचे मत कुणी विचारत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना दृश्यमाध्यमांना हेच बजावले, की अपंग व्यक्तींची थट्टा करू नये आणि त्यांना अचाट पराक्रमी म्हणूनही रंगवू नये, तर त्यांच्या जगण्याचे खरे वैविध्य त्यांच्या सहभागाने दाखवावे. तो निकाल अमेरिकेतल्या निर्मात्यांना लागू नाही, परंतु सासूबाईंशी बोलताना तो तुमच्या उपयोगी पडेल.

तुम्ही विचारता, परवानगी द्यावी का. न्यायालयाने तुम्हाला त्याचे कायदेशीर पालक नेमले नसेल, तर २४ वर्षांच्या माणसाच्या करारावर सही त्याचीच लागते आणि नकारही त्याचाच असतो. तुमच्या हातात परवानगी नसून सल्ला आहे, आणि तो सल्ला उत्तम असावा म्हणून थोडे कष्ट तुम्हाला घ्यावे लागतील. सर्वांत आधी त्याच्याशी दोन गोष्टी वेगळ्या करून बोला: त्याला मैत्रीण हवी आहे, की दूरचित्रवाणीवर दिसायचे आहे, की दोन्ही? दोन्हींपैकी कोणतीही इच्छा वाईट नाही. पण केवळ मैत्रीण हवी असेल आणि तिच्यापर्यंत जाण्याची वाट या कार्यक्रमातूनच जाते असे त्याला वाटत असेल, तर ती समजूत आपण सगळ्यांनी मिळून करून दिलेली आहे, कारण त्याच्यासारख्या तरुणांना कुणाला भेटता येईल अशा दुसऱ्या जागा आपण त्यांना फारशा दाखवल्याच नाहीत. हे संभाषण एकाच बैठकीत उरकू नका. प्रश्न लिहून द्या, चार दिवस जाऊ द्या, तो लिहून उत्तर देणार असेल तर लेखी उत्तर घ्या.

त्यानंतरही अर्ज करायचा त्याचा निश्चय असेल, तर निवड झाल्यावर हातात येणारा करारनामा घरच्या कुणा हुशार नातेवाइकाला न दाखवता मनोरंजन क्षेत्रातल्या वकिलाला दाखवा. अशा करारांत साधारणपणे चित्रित झालेले सर्व काही जगभर, कायमचे आणि हवे तसे संकलित करून वापरण्याचा हक्क निर्मात्याकडे जातो, आणि सहभागी व्यक्तीला अंतिम दृश्य नाकारता येत नाही. म्हणून सहीच्या आधीच विचारा की चित्रीकरण मधेच थांबवायचे असेल तर काय होईल, प्रसारणाआधी त्याला स्वतःचा भाग पाहायला मिळेल का, समोरच्या मुलीने नकार दिला तर तो क्षण दाखवायचा की नाही यावर त्याचे काही चालेल का, त्याच्या विश्वासातले माणूस कॅमेऱ्यामागे थांबू शकेल का, आणि प्रसारणानंतरच्या आठवड्यांत अनोळखी लोकांच्या शेऱ्यांचा पाऊस पडेल, तेव्हा त्याला आधार देणारा मानसोपचारतज्ज्ञ निर्मात्यांच्या खर्चाने उपलब्ध असेल का. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने एप्रिल २०२१ पासून दूरचित्रवाणी कार्यक्रमांतील सहभागी व्यक्तींच्या हिताची काळजी घेणे प्रसारकांना बंधनकारक केले आहे. अमेरिकेत मात्र अशा बाबतीत बहुतांशी करारातल्या शब्दांवरच अवलंबून राहावे लागते. हे प्रश्न विचारल्यावर समोरची मंडळी नाराज झाली, तर त्या नाराजीतूनही तुम्हाला बरेच कळेल.

जे या कार्यक्रमांत सहसा येत नाही, आणि तुमच्या मुलाने लग्नाचे नाव काढले आहे म्हणून मला सांगणे भाग आहे, ते म्हणजे पैशाचे गणित. तो एसएसआय हा, अल्प उत्पन्न असलेल्या अपंगांना मिळणारा सरकारी भत्ता घेत असेल, तर त्याच्या नावावरची बचत २००० डॉलरच्या आत असावी लागते. दोघे भत्ताधारक लग्न करतात तेव्हा दोघांची मिळून मर्यादा ४००० न होता ३००० डॉलर होते, आणि या मर्यादा १९८९ पासून बदललेल्या नाहीत. २०२५ मध्ये एका व्यक्तीला महिन्याला जास्तीत जास्त ९६७ डॉलर आणि जोडप्याला १४५० डॉलर केंद्रीय भत्ता मिळत होता, म्हणजे लग्न केल्यामुळे दोघांचे मिळून दरमहा ४८४ डॉलर कमी होत होते. पुढे वडिलांच्या निवृत्तीनंतर त्यांच्या खात्यावरून अपंग अपत्य म्हणून भत्ता मिळू लागला, तर तोही लग्नानंतर बहुतेक वेळा बंद होतो. कार्यक्रमातून किंवा नंतर जाहिरातींतून मिळणारे मानधनही या हिशेबात धरले जाते. एबल खाते, म्हणजे अपंग व्यक्तींसाठीचे खास बचत खाते, हा त्यावरचा एक मार्ग आहे, आणि तो जाणकार सल्लागाराकडून आधीच समजून घ्यावा. अमेरिकेत कित्येक अपंग जोडपी एकमेकांवर जीव असूनही केवळ या नियमांमुळे लग्नाची नोंद करत नाहीत. अपंगांच्या प्रेमकथा दाखवून पुरस्कार मिळवणाऱ्या कार्यक्रमांनी, अंगठी देण्याच्या दृश्याआधी हे एकदा तरी मोठ्याने सांगावे, असे मला मनापासून वाटते. प्रेमाच्या आड तिथे या माणसांचा स्वभाव येत नाही, कायद्यातला आकडा येतो, आणि प्रेक्षकांच्या पाणावलेल्या डोळ्यांना तो आकडा बदलायला भाग पाडता आले असते.

माझे मत विचाराल, तर त्याने अर्ज आताच करू नये. एक वर्ष कॅमेऱ्याशिवाय माणसे भेटण्यासाठी द्यावे, आणि त्याची सुरुवात पतंगांपासून करावी. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात साजरा होणारा ‘नॅशनल मॉथ वीक’ २०१२ साली सुरू झाला तो तुमच्याच मिडलसेक्स काउंटीतल्या ईस्ट ब्रन्सविकमध्ये. तिथल्या पर्यावरणप्रेमींनी सुरू केलेल्या त्या उपक्रमात आता अनेक देशांतले लोक भाग घेतात, आणि त्याचे स्वरूप अगदी तुमच्या अंगणातल्यासारखेच असते: अंधारात एक चादर, एक दिवा, आणि तिच्याभोवती उभी असलेली, हळू आवाजात बोलणारी माणसे. तिथे कुणाच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, कारण सगळेच चादरीकडे पाहत असतात. आवडीच्या विषयावर फार वेळ बोलणे तिथे दोष ठरत नाही, कारण सगळे त्यासाठीच आलेले असतात. त्याला तिथे मैत्रीण मिळेल असे आश्वासन मी देऊ शकत नाही, आणि ती शोधण्यासाठीच त्याला तिकडे ढकलू नका, कारण मुलांना तो हेतू लगेच कळतो. मात्र तो एरवी कसा दिसतो, तसाच तिथे कुणाला तरी दिसेल. स्वमग्न प्रौढांनी स्वतः चालवलेले मेळावेही अमेरिकेत अनेक शहरांत भरतात. त्यांपैकी एखाद्याची चौकशी त्याला स्वतःलाच करू द्या. गाडीने सोडायला जावे लागले तर जा, पण वाहनतळावरच थांबा.

वर्षभरानंतरही, करार वाचून आणि हिशेब समजून घेऊन, त्याला कॅमेऱ्यासमोर जायचे असेल, तर त्याच्या पाठीशी उभ्या राहा आणि सासूबाईंना तुम्हीच फोन करा. त्या सोफ्यावर बसून त्याच्याविषयी विचारले गेले, तर “हे त्यालाच विचारा” असे म्हणण्याची मोकळीक तुम्हाला आहे, कितीही वेळा.

हे उत्तर त्याला वाचायला द्या. त्याला मराठी वाचायला जड जात असेल तर वाचून दाखवा, आणि संगीताविषयीच्या त्याच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले आहे ते त्याला पटते का, हे विचारा. पटत नसेल तर त्याने मला स्वतः लिहावे. पुढचे पत्र मी त्याच्या नावाने लिहीन.